पार्किंगमधला बर्फ: डंपरने हलवायचा की जागेवरच वितळवायचा?

माझ्या ऑफिसच्या खिडकीतून मालाडची खाडी दिसते आणि समोरच्या स्क्रीनवर डिसेंबर ते मार्च अमेरिकेतल्या ओहायो-मिशिगनकडच्या शॉपिंग सेंटरांची पार्किंग दिसतात. तिकडच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या एका कंपनीचं कंत्राटदारांचं काम, म्हणजे कोटेशन मागवणं, बिलं तपासणं, फोटो जुळवणं, आम्ही इथे मुंबईत बसून करतो. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिथली पार्किंग रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळेत साफ होतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार. आमच्या खात्यात माणसांच्या वेळेत होणारं काम हे एवढंच, म्हणून ते मागून घेणारे बरेच असतात. मीही मागून घेतलं. तोवर बर्फ बघितला होता तो गोळेवाल्याच्या रंध्यावर आणि ससून डॉकला मासळीच्या टोपल्यांत.

दर जानेवारीत तिकडून एकच प्रश्न येतो. प्लाऊने, म्हणजे गाडीपुढे लावलेल्या फाळाने, लोटून कोपऱ्यात रचलेले ढीग आता मावत नाहीत, पुढे काय? कंत्राटदार दोन मार्ग सांगतो. एक, जेसीबीसारख्या लोडरने बर्फ डंपरमध्ये भरून गावाबाहेरच्या टाकायच्या जागी न्यायचा. दुसरा, चाकांवरचं वितळवण्याचं यंत्र, मेल्टर, पार्किंगमध्येच उभं करायचं, बर्फ त्यात ओतायचा आणि पाणी गटारात सोडायचं. दोन्हींची कोटेशनं येतात, पण एकाच भाषेत येत नाहीत. एक तासावर असतं, दुसरं रात्रीवर. इंधन कुठे धरलेलं, कुठे वेगळं. नव्याने या कामावर आलेल्यांना मी जे शिकवते ते इथे क्रमाने लिहिते.

सुरुवात गॅसच्या शेगडीपासून

मेल्टर म्हणजे काय ते मला कळलं भांडुपच्या आमच्या स्वयंपाकघरात. रविवारी सकाळी फ्रीजरमधले दोन ट्रे बर्फ पातेल्यात ओतून शेगडीवर ठेवले आणि मोबाइलवर वेळ लावली. आई म्हणाली, “चहाला आधण ठेव म्हटलं तर वेळ नसतो, आणि बर्फ कसले उकळतेयस?” बर्फ बराच वेळ हललाच नाही. खाली पाणी साठलं, खडे त्यात तरंगायला लागले, पाण्यात बोट घातलं तर गारच. शेवटचा खडा विरघळला आणि मग पाणी भराभर तापलं.

त्या पातेल्यात सगळा हिशेब आहे. एक किलो बर्फाचं शून्य अंशाला नुसतं पाणी करायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. बर्फ उणे पाच अंशांवर असेल आणि पाणी दोन-तीन अंशांवर बाहेर सोडायचं असेल, तर किलोमागे ३५५-३६० किलोज्यूल धरावे. आपला १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर नेहमीच्या शेगडीवर पूर्ण जाळला, तर जेमतेम सव्वा टन बर्फ वितळेल. पार्किंगमधून काढायचा बर्फ दोनशे टन असेल, तर दीडशेच्या वर सिलिंडर एका रात्रीत. हे चित्र डोक्यात असलं की “मेल्टर स्वस्त पडतो” असं कोणी छातीठोक सांगितलं तरी माणूस लगेच मान डोलवत नाही.

यंत्राचं पोट तसं साधं आहे. पाण्याची मोठी टाकी, वर बर्फ ओतायचं तोंड, आणि डिझेलवर चालणारा बर्नर. काही यंत्रांत बर्नरचे तापलेले वायू सरळ पाण्यातून बुडबुड्यांसारखे सोडतात, काहींत नळ्यांमधून फिरवतात. कोमट पाणी वरून येणाऱ्या बर्फावर उडत राहतं. टाकी भरली की जादा पाणी जाळीतून बाहेर पडतं आणि तळाशी वाळू, खडी, प्लास्टिक, कधी आख्खी शॉपिंगची ट्रॉली उरते.

पायरी १: हलवायची गरज आहे का?

हा प्रश्न कंत्राटदार कधीच विचारणार नाही, म्हणून तुम्ही विचारायचा. पार्किंगचा एक खण साधारण २.७ मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब, म्हणजे पंधरा चौरस मीटर. पाचशे घनमीटरचा ढीग सरासरी अडीच मीटर उंच रचला तर तो दोनशे चौरस मीटर जागा खातो. तेरा-चौदा गाड्यांची जागा. नाताळाची गर्दी ओसरल्यावर जानेवारीच्या मंगळवारी त्या पार्किंगमध्ये अर्धे खण तसेही रिकामे असतील, तर तेरा खण परत मिळवायला पाच-सहा हजार डॉलर कशाला मोजायचे? अशा वेळी लोडरला दोन तास जास्तीचे देऊन ढीग मागच्या कुंपणाकडे उंच रचून घेणं सगळ्यात स्वस्त.

काही ढीग मात्र हलवावेच लागतात. वळणावर दृष्टी अडवणारे, अग्निशमनाच्या नळाला झाकणारे, अपंगांसाठी राखलेल्या खणांवर किंवा तिथून दाराकडे जाणाऱ्या वाटेवर आलेले. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे ती वाट मोकळी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. आणखी एक प्रकार उताराच्या वरच्या बाजूला रचलेल्या ढिगाचा. तो दिवसा थोडा वितळतो, पाणी पार्किंगभर पसरतं आणि रात्री त्याचा काचेसारखा थर होतो. डांबरावर तो दिसतही नाही. पडझडीचे दावे याच थरावर उभे राहतात.

त्यामुळे आधी फोटोवर लाल पेनने खुणा करा: हे ढीग हलवायचे, हे राहू दे. संपूर्ण पार्किंगचं कोटेशन मागवणं ही नवख्या माणसाची सगळ्यात महागडी सवय.

पायरी २: इंचांचे टन करा

हवामान खातं बर्फ इंचांत सांगतं, डंपर भरतो घनयार्डांत आणि मेल्टर खातो टनांत. या तिघांना एका ओळीत आणल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आपल्या रोजच्या बोलण्यात स्नो आणि आइस दोन्हींना ‘बर्फ’ हा एकच शब्द असल्याने आपली फसगत लवकर होते. फ्रीजमधल्या बर्फाचं वजन घनमीटरला ९१७ किलो. नुकता पडलेला, कोरडा, पिंजलेल्या कापसासारखा बर्फ ५० ते १०० किलो. दोन दिवस बसलेला दोनशे-तीनशे. प्लाऊने लोटून, वर लोडर चढवून दाबलेला ढीग चारशे-पाचशेच्या घरात जातो. पहिल्या हिवाळ्यात मी एक इंच बर्फ म्हणजे एक इंच पाणी धरून तक्ता केला होता आणि दहापट टन काढले होते. तिकडचा मॅनेजर सभ्य माणूस, त्याने फक्त विचारलं, हे पार्किंग आहे की ग्लेशियर?

अंदाज बांधायला दहास एक हा ठोकताळा धरतात: दहा इंच ताजा बर्फ वितळला की सुमारे एक इंच पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तोच बर्फ होऊन पडला असता तर साडेनऊ मीटर, म्हणजे तीन मजले. आपल्या नशिबी निदान ते नाही.

आता उदाहरण. पाच एकरांचं पार्किंग, साधारण वीस हजार चौरस मीटर. दहा इंच, म्हणजे २५ सेंटिमीटर बर्फ पडला. ताजा असताना पाच हजार घनमीटर, घनमीटरला शंभर किलो धरले तर पाचशे टन. त्यातला तीनशे टन कडेला, हिरवळीवर, मागच्या कुंपणाशी मावतो. काढायचे उरले दोनशे टन. ढिगात दाबून घनमीटरला चारशे किलो झाला असेल, तर तो पाचशे घनमीटर भरेल. हे दोन आकडे, २०० टन आणि ५०० घनमीटर, कागदाच्या वर ठळक लिहून ठेवा.

अमेरिकेतला टन ९०७ किलोचा, कॅनडातला हजार किलोचा. गॅलन ३.७८५ लिटरचा आणि घनयार्ड ०.७६५ घनमीटरचा. कोटेशनमध्ये नुसतं ‘टन’ लिहिलेलं असेल तर विचारून घ्या. दहा टक्क्यांचा फरक तिथेच पडतो.

पायरी ३: डंपरची फेरी घड्याळावर मांडा

डंपरच्या बाबतीत मुंबईकराला फार शिकवावं लागत नाही. नालेसफाईचा गाळ डंपरमधून कसा जातो, खेपा कशा मोजतात, वजनकाट्याच्या पावत्या आणि व्हिडिओ का मागतात, हे दर मे महिन्यात आपण वर्तमानपत्रात वाचतोच. बर्फाचंही तेच. फरक इतकाच की गाळाचा डंपर वजनाने भरतो, बर्फाचा डंपर आकाराने. साधारण १८ घनयार्डांच्या हौद्यात १४ घनमीटर बर्फ मावतो. चारशे किलोच्या हिशेबाने साडेपाच टन. तो डंपर याच्या दुपटीहून जास्त वजन सहज ओढतो. म्हणजे दर खेपेला तुम्ही अर्ध्याहून जास्त पैसे हवा वाहून न्यायला देताय.

पाचशे घनमीटरला ३६ खेपा. आता एका खेपेला किती मिनिटं? माझा तक्ता असा असतो: भरायला ६ मिनिटं, टाकायची जागा ८ किलोमीटरवर असेल आणि बर्फाळ रस्त्यावर ताशी २५चा वेग धरला तर जायला जवळजवळ २०, तिथे रांग आणि रिकामं करणं १०, परत यायला २०. एकूण ५६ मिनिटं.

डंपरचा दर ताशी १२० डॉलर मानू. हा आणि पुढचे सगळे दर मी उदाहरणापुरते घेतलेत, तुमच्या शहरातले तुम्ही घाला. मिनिटाला दोन डॉलर, खेपा छत्तीस. याचा अर्थ, फेरीत वाढणारं प्रत्येक मिनिट ७२ डॉलरचं. रांगेत पाच मिनिटं जास्त गेली तर ३६० डॉलर गेले. हा एक आकडा डोक्यात ठेवून कंत्राटदाराशी बोलून बघा. तासाच्या दरात पाच डॉलर कमी करून घेण्यात अर्धा तास घासाघीस करण्यापेक्षा “टाकायची जागा नक्की कुठली आणि रात्री दोन वाजता उघडी असते का” हे विचारणं जास्त मोलाचं असतं.

या उदाहरणात डंपर ४,०३२ डॉलर, लोडर सहा तास १७५च्या दराने १,०५०, टाकण्याचं शुल्क खेपेला २५ धरून ९००. एकूण ५,९८२.

डंपर किती लावायचे हाही प्रश्न याच घड्याळातून सुटतो. रात्रीचे सात तास म्हणजे ४२० मिनिटं, त्यात एका डंपरच्या पूर्ण खेपा सात. पाच डंपर लावले तर पस्तीस खेपा आणि उरलेली एक सकाळच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांमधून. सहा लावावे. नऊच्या वर लावले तर लोडर पुरा पडत नाही आणि डंपर एकामागे एक इंजिन चालू ठेवून उभे राहतात. तुम्ही मात्र त्यांचेही तास भरत असता.

पायरी ४: मेल्टरचा खर्च

इथे अंतर नाही, रांग नाही. इथे फक्त वजन आहे. एक टन बर्फाला साधारण साडेदहा लिटर डिझेल लागतं. शेगडीवरचा हिशेब आणि डिझेलमधली उष्णता जुळवून पाहिलीत तर तुम्हालाही हाच आकडा मिळेल. कोणी टनाला पाच लिटरमध्ये काम करून देतो म्हणाला, तर तो एकतर चुकतोय किंवा तुम्हाला शेंडी लावतोय. भौतिकशास्त्रात सवलत मिळत नाही.

दोनशे टनांना २,१०० लिटर, म्हणजे ५५५ गॅलन. गॅलनला चार डॉलर धरले तर २,२२० डॉलर. अमेरिकेत रस्त्यावर न चालणाऱ्या यंत्रांना लाल रंग घातलेलं, रस्त्याच्या करातून सूट असलेलं डिझेल वापरता येतं. डंपरच्या टाकीत ते घालता येत नाही. बिलात मेल्टरच्या इंधनाला रस्त्यावरच्या पंपाचा भाव लावलेला असेल तर विचारा, का म्हणून.

यंत्राच्या पाटीवरची क्षमता ही उत्तम दिवसाची असते. ताशी चाळीस टनांचं यंत्र मी तीसच धरते. सुरुवातीला पाणी तापवायला वेळ जातो, मध्ये बर्फाची ढेकळं तोंडात अडकतात, गाळ काढायला थांबावं लागतं. तीसने दोनशे टनांना पावणेसात तास, म्हणजे रात्र पुरती भरली. त्यात एक बिघाड झाला तर सकाळ उजाडते.

माणसासकट यंत्राचं रात्रीचं भाडं ३,०००, आणणं-नेणं ८००, लोडर सात तास १,२२५, इंधन २,२२०. एकूण ७,२४५ डॉलर.

पायरी ५: पाणी जाणार कुठे?

हीच पायरी मी पहिल्या वर्षी गाळली होती. एका सेंटरला मेल्टर मंजूर केला, नकाशावर गटाराची जाळी दाखवलेली होती, मी समाधानी. आपल्याकडची दुपारी दीडची वेळ, तिकडे रात्रीचे तीन. कॅमेऱ्यात यंत्रातून वाफ निघताना दिसतेय, काम झकास चाललंय. जेवणाचा डबा उघडून पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं तर यंत्राच्या मागे दिव्यांचा उजेड डांबरावर चमकायला लागलेला. तासाभरात ती चमक दारापर्यंत आली. जाळी खालून गोठलेली होती. पाणी आत गेलंच नाही, उताराने पसरलं आणि उणे नऊ अंशांत मुख्य प्रवेशावर जमलं. यंत्र थांबवून उरलेली रात्र तो थर वितळवायला मीठ टाकण्यात गेली, आणि त्या मिठाचं बिल त्या महिन्याच्या सगळ्या बर्फाच्या बिलांत मोठं होतं. दोष कंत्राटदाराचा होता, पण जाळी तपासल्याचा फोटो मी मागितला नव्हता.

ताशी तीस टन बर्फ म्हणजे ताशी तीस हजार लिटर पाणी. सोसायटीत उन्हाळ्यात येतात ते दहा हजार लिटरचे टँकर डोळ्यांसमोर आणा. तसले तीन दर तासाला एकाच चेंबरमध्ये रिकामे करायचे, तेही हे पाणी शून्याच्या जेमतेम वर असताना. वाटेत दहा मीटर उघडं वाहिलं तरी ते गोठायला लागतं. म्हणून यंत्र जाळीच्या अगदी शेजारी उभं करायचं, नाहीतर होज थेट चेंबरच्या आत सोडायचा. आधी बादलीभर नव्हे, टाकीभर पाणी ओतून ते उतरतंय का बघायचं. पावसाळ्याआधी आपण सोसायटीचं चेंबर उघडून बघतो, तसंच.

आता परवानगी. पावसाळी गटार बहुतेक ठिकाणी प्रक्रियेविना ओढ्या-नदीत जातं. पार्किंगच्या बर्फात मीठ असतं, तेल असतं, टायरची काजळी असते. वाळू आणि कचरा यंत्राच्या तळाशी राहतो, तेलाचा काही भाग अडवता येतो, पण मीठ पाण्यात विरघळून सरळ जातं. तिकडे पावसाळी गटारांवर स्वच्छ पाण्याच्या कायद्याखाली नियमन आहे आणि गावोगावचे नियम वेगळे. मॅसॅच्युसेट्सचा पर्यावरण विभाग तर गोळा केलेला बर्फ नदी-समुद्रात ढकलू नका असं सांगतो. न्यूयॉर्क शहर स्वतःचे मेल्टर मॅनहोलवर ठेवून पाणी मलवाहिनीत सोडतं, पण ते शहराचं स्वतःचं गटार आहे. तुम्ही खासगी पार्किंगवाले, तुम्हाला नगरपालिकेचं लेखी पत्र लागेल. ते नोव्हेंबरात मिळवून ठेवा. वादळ आल्यावर तिथलं कोणीही फोन उचलत नाही.

डंपरच्या टाकायच्या जागेलाही हेच नियम लागू आहेत, फक्त तिथे डोकेदुखी जागेच्या मालकाची. माँट्रियलला शहरातून उचललेला बर्फ जुन्या फ्रँकाँ खाणीत टाकतात आणि काही गटाराच्या विहिरींत सोडतात. बोस्टनला २०१४-१५च्या हिवाळ्यात ११० इंचांच्या आसपास बर्फ पडला, मेल्टर आणि डंपर दोन्ही लागले, आणि तरी सीपोर्ट भागातला ढीग संपायला १४ जुलै उजाडला. वरून कचरा आणि मातीचा थर बसला की आतला बर्फ झाकलेल्या भातासारखा टिकून राहतो.

पायरी ६: दोन्ही आकडे शेजारी ठेवा

डंपर ५,९८२, मेल्टर ७,२४५. आठ किलोमीटरवर जागा आहे तोवर डंपर. आता टाकायची जागा २० किलोमीटरवर गेली असं समजा. एक फेरी ११२ मिनिटांची होते, डंपरचा एकूण खर्च १०,०१४ वर जातो आणि सहाऐवजी बारा डंपर लागतात. मेल्टर होता तिथेच, ७,२४५. दोघांची बरोबरी होते ती ७४ मिनिटांच्या फेरीवर, म्हणजे एका बाजूला बारा किलोमीटरच्या आसपास. तुमच्या दरांनी हा आकडा सरकेल. पण प्रत्येक सेंटरचा हा ‘बरोबरीचा मिनिट’ हिवाळ्याआधी काढून ठेवा, म्हणजे वादळात डोकं शांत राहतं.

आता जी गोष्ट कोटेशनमध्ये कधीच दिसत नाही ती. वरचा हिशेब चारशे किलोच्या दाबलेल्या ढिगाचा होता. समजा बर्फ कोरडा, हलका आहे, ढीग घनमीटरला दोनशे किलोचाच. आकार तोच, पाचशे घनमीटर, पण वजन शंभर टन. डंपरच्या खेपा? छत्तीसच. एक डॉलर कमी नाही. मेल्टरचं डिझेल मात्र निम्मं होतं, १,११० डॉलर, आणि लोडरचं काम चार तासांत आटपतं, ७०० डॉलर. एकूण ५,६१०. आठ किलोमीटरवरची जागा असूनही मेल्टर जिंकला.

उलट ढीग तीन आठवडे जुना, पावसाने भिजून दगड झालेला असेल, तर डंपरमध्ये जास्त वजन बसतं आणि मेल्टर किलोकिलोचं डिझेल मागतो. वर ढेकळं फोडत बसावं लागतं ते वेगळंच. थोडक्यात, ताजा आणि हलका ढीग मेल्टरचा, जुना आणि जड डंपरचा. कंत्राटदार बहुतेकदा याच्या उलट सुचवतात. “फारच घट्ट झालाय, आता मेल्टरच लागेल” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आलं की मी आधी वजन काढायला बसते.

आमच्या टीममधला एक जण यासाठी तिकडच्या माणसाकडून वीस लिटरची बादली भरून वजन मागवतो. बादलीत आठ किलो भरलं तर घनमीटरला चारशे, चार किलो भरलं तर दोनशे. दोन मिनिटांचं काम, मालाच्या साध्या काट्यावर होतं. मात्र बर्फ ढिगाच्या आतून खणून, न दाबता भरायला सांगा. वरचा थर नेहमी हलका असतो.

धुराबद्दल थोडंसं

“मेल्टर पर्यावरणपूरक, डंपरच्या फेऱ्या वाचतात” असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात डंपर एकूण ५७६ किलोमीटर धावतात. रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहणं धरूनही साडेतीनशे लिटरच्या वर डिझेल जाऊ नये. मेल्टर २,१०० लिटर जाळतो, म्हणजे साडेपाच टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. मालकाला हरित अहवाल सादर करायचा असेल तर हा आकडा त्याच्यापासून लपवू नका. मेल्टर घ्यायचा तर अंतरासाठी, वेळेसाठी किंवा भर शहरात डंपरांची रांग उभी करायला जागाच नाही म्हणून घ्या.

विकत घ्यावा का, असंही कोणीतरी दरवर्षी विचारतं. विमानतळ असेल किंवा एकाच गावात आठ-दहा मोठी पार्किंग असतील तर विचार करावा. एरवी नाही.

पायरी ७: कोटेशनमध्ये लिहून काय घ्यायचं

डंपरसाठी: हौद्याचं माप घनयार्डांत, दर डंपरचा फोटो वरून, म्हणजे कठड्यापर्यंत भरलाय का ते दिसतं. भरण्याची आणि रिकामं करण्याची वेळ जीपीएसवरून. टाकायच्या जागेचा पत्ता आणि शुल्क कोण भरणार ते. अर्धी भरलेली शेवटची खेप पूर्ण धरायची का, हेही आधीच ठरवा. वादाचं मूळ बहुतेक तिथेच असतं.

मेल्टरसाठी: डिझेल किती गॅलन आणि कुठल्या भावाने, सुरुवातीचं आणि शेवटचं टाकीचं माप फोटोसकट. गाळ काढून नेणार कोण? तो कचरा म्हणून वेगळा उचलावा लागतो आणि बिलात ‘इतर’ या नावाखाली घुसतो. काम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र नेणार की तिथेच गोठवून ठेवणार? जाळीतून पाणी उतरत असल्याचा व्हिडिओ काम सुरू होण्याआधी. आणि बर्नर बंद पडला तर पर्यायी डंपर किती तासांत येतील. मोठ्या वादळात मेल्टर आणि डंपर दोन्ही आधी आगाऊ करार केलेल्यांकडे जातात. मग तुम्ही कितीही फोन करा, “सर, लाइनमध्ये आहात” एवढंच ऐकू येतं.

दोन्हींसाठी एक अट सामायिक: बर्फ काढणं ही प्लाऊच्या मूळ करारापासून वेगळी ओळ असावी आणि तुमच्या लेखी होकाराशिवाय सुरू होऊ नये. तो होकार देताना ईमेलमध्ये चारच गोष्टी लिहा: कुठले ढीग, किती घनमीटर, बादलीचं वजन, फेरीची मिनिटं.

दुपारी साडेचारला, तिकडे उजाडायच्या सुमारास, मी शेवटचे तीन फोटो मागवते: मोकळे झालेले खण, अपंगांच्या खणांपासून दारापर्यंतची वाट, आणि मेल्टर असेल तर जाळीभोवतीचं डांबर. तिसऱ्या फोटोत चमक दिसली तर घरी जायच्या आधी मिठाच्या गाडीला फोन.